आरती एका लयीत कशी आणायची

गिरगावातल्या चाळीत आरतीला तीस-चाळीस जण उभे राहतात आणि हात दाखवून ठेका देणारं कुणी नसतं. तरी लय जमते. जमत नसेल, तर दोष गळ्यांचा नसतो. कोण कुठे उभा आहे आणि पहिलं कडवं किती वेगाने उचललं, हे आधी बघा.

सुरुवात सेकंदाला एक टाळी, याहून जलद नको. आठ मात्रांच्या केरवा तालात पहिल्या आणि पाचव्या मात्रेवरच टाळी द्या, मधल्या जागा मोकळ्या सोडा. हंगेरी-रोमानियातल्या प्रेक्षागृहांतल्या टाळ्यांवरचा अभ्यास 2000 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला होता. त्यात टाळ्या आपोआप एकत्र आल्या तेव्हा प्रत्येकाचा वेग जवळजवळ निम्म्यावर उतरला होता. आवाज वाढवायला वेग वाढला की मेळ पुन्हा फुटायचा. आरतीतही नेमकं हेच घडतं.

गॅलरी हा मोठा शत्रू. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. 25 मीटर लांब गॅलरीच्या टोकाला ठेका 0.07 सेकंद उशिरा पोचतो आणि तिथली टाळी परत येईपर्यंत तेवढाच उशीर आणखी होतो. ऐकून टाळी देणारे मग एकमेकांना मागे ओढत राहतात. म्हणून ढोलकी मधोमध ठेवा, झांजा तिच्या शेजारी, दोन-तीनच. टोकाच्या मंडळींनी कानापेक्षा ढोलकीवाल्याच्या हाताकडे बघावं. ब्लूटूथ स्पीकर नकोच, त्याचा उशीर याहून जास्त असतो.

झांजेच्या दोन्ही वाट्या सपाट आपटल्या की मध्ये हवा कोंडते आणि नाद दबतो. कड किंचित तिरकी ठेवून मारा, लगेच छातीशी धरून नाद तोडा. लांबलेल्या नादात पुढचा ठोका बुडतो. लहान मुलांना झांज देऊ नका असं आम्ही म्हणणार नाही, पण ढोलकीसमोर उभं करून द्या.

लय पळते ती ओळीच्या शेवटी. श्वास अर्धवट घेऊन पुढची ओळ उचलली जाते, बाकीचे तिला गाठायला धावतात. ‘हळू, हळू’ ओरडून काही होत नाही, त्या ओरडण्यात ठेकाच ऐकू येत नाही. ढोलकीवाल्याने भरणा, म्हणजे मधले भरीचे बोल, थांबवून फक्त समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, थाप द्यावी, झांजा दोन ओळी बंद. नुसतं गाणं राहिलं की लोक एकमेकांचा श्वास ऐकू लागतात. मग आधी टाळ्या, त्या जमल्या की झांजा परत घ्या.