किटवेत सुट्टीचा दिवस कसा घालवाल

खाणीच्या कामावर झांबियातल्या किटवेला आलेली बरीच कुटुंबं पहिले काही महिने घर, कचेरी आणि मुकुबा मॉल यांपलीकडे जात नाहीत. मग गावात करण्यासारखं काही नाही अशी समजूत पक्की होते. किटवेत मैदानं, क्लब, नाट्यगृह, धरण सगळं आहे. ते नेमकं तिथेच का आहे हे कळायचं तर खाणीपासून सुरुवात करावी लागते.

न्काना खाणीतून तांबं निघू लागलं 1930च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि तिच्या शेजारी रेल्वेलगतचं व्यापारी गाव म्हणून 1936 मध्ये किटवे वसलं. वस्तीची आखणी कातडीच्या रंगावर झाली. रुंद रस्ते, आंब्याची आणि जॅकरँडाची झाडं, गोल्फचं मैदान, पोहण्याचा तलाव हे गोऱ्या कर्मचाऱ्यांसाठी. वुसाकिले, मिंडोलो या खाणीला चिकटलेल्या चाळवजा वस्त्या आफ्रिकन कामगारांसाठी, तिथे कंपनीचं सभागृह, बिअर हॉल आणि फुटबॉल. गुजराती दुकानदार या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. हा भेद 1964च्या स्वातंत्र्यानंतर मोडला. पुढे राष्ट्रीयीकरण झालं, आणि 1982 मध्ये झेडसीसीएम ही एकच सरकारी कंपनी उभी राहिली. खाणींबरोबर क्लब, मैदानं, दवाखानेही तीच चालवायची. 1997पासून खाणी तुकड्यातुकड्यांनी विकल्या गेल्या आणि क्लबांचा कायमचा पैसा आटला. आज एखाद्या क्लबची इमारत भव्य दिसते आणि तलाव कोरडा असतो, त्याचं कारण हे.

म्हणून वर्गणी भरण्याआधी एकदा आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी जाऊन या. रविवारी सगळीकडेच उत्साह दिसतो, त्यावरून काही कळत नाही. तलावाचा तळ दिसतो का, गाळणीचा पंप चालू आहे का, बोअरचं पाणी आहे का, वीज गेल्यावर जनरेटर लागतो का, हे स्वतः पाहा. भारनियमनात पंप बंद पडला की दोन-तीन दिवसांत पाणी हिरवं होतं. सुरुवातीला एका दिवसाचं पाहुणा शुल्क देऊन पाहावं. सभासदत्वासाठी अर्जावर साधारणपणे दोन जुन्या सभासदांच्या सह्या लागतात, एक सुचवणारा आणि एक अनुमोदक. त्यामुळे आधी चार जणांशी ओळख होऊ द्या. तुमच्या कंपनीचं सामूहिक सभासदत्व आहे का, हे मनुष्यबळ विभागाला जरूर विचारा. न्काना गोल्फ क्लबवर कॉलरचा शर्ट घालून जावं, आणि कॅडीचे, म्हणजे गोल्फची पिशवी उचलणाऱ्याचे, पैसे खेळ सुरू होण्याआधीच ठरवावेत.

पण गावाची नाडी बघायची असेल तर फुटबॉलला जा. न्काना एफसी म्हणजे लाल रंग, लाडाचं नाव कालांपा, मैदान वुसाकिलेतलं. पॉवर डायनॅमोज म्हणजे पिवळा रंग, मैदान आर्थर डेव्हिस स्टेडियम. 1991चा आफ्रिकेतला कप विनर्स कप डायनॅमोजने जिंकला, हे किटवेतल्या कुणालाही विचारा, छाती काढून सांगेल. दोघांच्या सामन्याला जाताना लाल किंवा पिवळा कपडा अंगात घालू नका, निदान कुठल्या बाजूला बसायचं ते ठरेपर्यंत. सुटे क्वाचा, म्हणजे इथलं चलन, जवळ ठेवा, फोन पुढच्या खिशात ठेवा, आणि शेवटची शिट्टी वाजण्याआधी दहा मिनिटं निघा किंवा गर्दी ओसरेपर्यंत बसून राहा. राष्ट्रीय संघाचं नाव चिपोलोपोलो. 27 एप्रिल 1993 रोजी त्यांचं विमान गॅबनच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडलं आणि विमानातले सगळे गेले. 12 फेब्रुवारी 2012 रोजी त्याच गॅबनच्या राजधानीत झांबियाने आफ्रिका चषक जिंकला. शेजाऱ्याने हा विषय काढला तर शांतपणे ऐकून घ्या. इथे तो घरचा शोक आहे.

शहराबाहेर जाण्याजोग्या जागांत पहिली शेजारच्या न्डोला शहराच्या वाटेवर. किटवे-न्डोला अंतर सुमारे 60 किमी, चौपदरी चांगला रस्ता. न्डोलाच्या अलीकडे सुमारे 10 किमीवर डाग हॅमरशोल्ड स्मारकाचा फाटा लागतो. संयुक्त राष्ट्रांचे हे सरचिटणीस काँगोतून फुटून निघालेल्या कटांगा प्रांताचे नेते त्शोंबे यांच्याशी बोलणी करायला येत असताना 17-18 सप्टेंबर 1961च्या रात्री त्यांचं विमान इथल्या जंगलात कोसळलं. छोटं संग्रहालय आहे, आवार शांत आणि सावलीचं आहे, मुलांना घेऊन जायला उत्तम. त्याच फेरीत न्डोलातलं कॉपरबेल्ट संग्रहालय होतं. खनिजांचे नमुने आणि इथल्या लोकजीवनातल्या वस्तू एकाच छताखाली पाहायला मिळतात.

लुआन्शा या खाणीच्या गावाची कथा इथे प्रत्येकजण सांगतो: 1902 मध्ये खनिजं शोधणाऱ्या विल्यम कॉलियरने रोन हरीण मारलं, त्याचं डोकं टेकलं त्या दगडावर हिरवं तांबं दिसलं. ती दंतकथा म्हणूनच ऐका. त्याच गावात 29 मे 1935 रोजी करवाढीविरुद्ध संपावर गेलेल्या कामगारांवर गोळीबार झाला आणि सहा जण मेले. 1940च्या संपात न्कानात सतरा. मुफुलिरात 25 सप्टेंबर 1970 रोजी वरचा गाळ खाणीत घुसून 89 कामगार गेले. जमिनीखाली काम करणाऱ्या प्रत्येकाने ही तारीख लक्षात ठेवावी.

चिंगोलाच्या पश्चिमेला, साधारण 65-70 किमीवर, चिंपांझींचं चिम्फुन्शी अनाथालय आहे. 1983 पासून चालू, शंभराहून अधिक प्राणी. शेवटचा टप्पा कच्चा आहे. पावसाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल, उंच गाडीशिवाय जाऊ नका, आणि खाऊ घालण्याच्या वेळा आधी फोनवर विचारून घ्या. अंधार पडण्याआधी परत फिरा. लांबच्या रस्त्यावर दिवे नसलेले ट्रक उभे असतात. गाडीत दोन परावर्तक त्रिकोण हवेतच, तपासणी नाक्यावर विचारतात.

पाण्याबद्दल स्पष्ट सांगतो. मिंडोलो धरणाच्या काठी डबा खायला खुशाल जा; पाण्यात मात्र उतरू नका, काफुए नदीत तर अजिबात नाही. नदीत मगरी आहेत, आणि गवताळ, संथ पाण्यात बिल्हार्झिया हा परजीवी जंतांचा आजार होतो. त्याची लक्षणं काही आठवड्यांनी दिसतात, तोवर पोहलेलं विसरलेलं असतं. संध्याकाळी गोल्फच्या मैदानावर किंवा धरणावर पूर्ण बाह्या घाला. ताप आला तर त्याच दिवशी मलेरियाची चाचणी करा, क्रोसिन घेऊन वाट पाहू नका.

फोटो काढायची हौस असेल तर खाण, भट्टी, पूल, पोलीस आणि लष्कराच्या जागा टाळा. वुसाकिलेजवळची, तांबं वितळवल्यावर उरलेल्या धातुमळीची काळी टेकडी, म्हणजे ब्लॅक माउंटन, दुरून पाहावी. 2018 मध्ये ती ढासळून तिथे तांबं वेचणारे लोक दबून मेले. त्यापेक्षा सप्टेंबर-ऑक्टोबरात कालुलुशीच्या पलीकडच्या चेंबे पक्षी अभयारण्याकडे वळा. पावसाआधी मिओंबो, म्हणजे इथल्या पानगळीच्या, जंगलाला तांबूस पालवी फुटते. पाणी, डबा, दुर्बीण घरून न्या. तिथे काही मिळेलच असं नाही.

कुठेही गेलात तरी आधी विचारपूस, मग काम. इथल्या बेंबा भाषेत 'मुलिशानी' (कसे आहात) म्हणा, उत्तर 'ब्विनो' (छान) येईल, आभाराला 'नातोतेला'. वयाने मोठ्या बाईला 'बा मायो', पुरुषाला 'बा ताता'. 'चिसोकोने' नावाच्या बाजारात एवढं म्हटल्यावर भाव लगेच उतरेल असं नाही, पण पुढच्या वेळी दुकानदारीण ओळखून हाक मारेल. तिथून चिकांदा घेऊन खाऊन पाहा. जंगली कंद आणि शेंगदाण्याचा असतो, तरीही त्यात मांस-मासळी नाही ना, हे विक्रेत्याला विचारूनच शाकाहाऱ्यांनी घ्यावा.