दर!बी१ की कर_दर? एक्सेलमध्ये नव्याने काम करणाऱ्यांसाठी

नवीन नोकरीत बहुतेकांच्या वाट्याला आधी कुणीतरी बनवलेली एक्सेलची फाइल येते. भरपूर शीट, आणि जवळजवळ प्रत्येक फॉर्म्युल्यात दुसऱ्याच शीटवरच्या सेलचा पत्ता. मी बरीच वर्षं अशाच फाइली सांभाळते आहे, म्हणून असे पत्ते कसे सांभाळायचे आणि त्यांच्याऐवजी सेलना नावं कधी द्यायची, हे लिहिते आहे.

फाइल हातात आली की काही बदलायच्या आधी नुसती फिरून बघा. फॉर्म्युल्याच्या सेलवर जाऊन कंट्रोल आणि डावा चौकोनी कंस दाबला की आकडा जिथून येतो त्या सेलवर पोहोचता येतं, ती सेल दुसऱ्या शीटवर असली तरी. एफ५ आणि मग एंटर दाबलं की पुन्हा मूळ जागी. हे दोन शॉर्टकट सगळ्यात आधी हातात बसवा.

लिहिण्याची पद्धत सोपी आहे: शीटचं नाव, उद्गारचिन्ह, सेलचा पत्ता. नावात मोकळी जागा असेल तर ते एकेरी अवतरणचिन्हांत जातं. शीटचं नाव ३१ अक्षरांपर्यंत चालतं, पण लांब नावांनी फॉर्म्युला वाचवत नाही. नाव बदललं तर एक्सेल सगळीकडे आपोआप दुरुस्ती करतं. फक्त इनडायरेक्ट फंक्शनमध्ये (ते मजकूर म्हणून लिहिलेला पत्ता वापरतं) अवतरणात लिहिलेलं नाव जुनंच राहतं, आणि तिथे रेफ एरर, म्हणजे पत्ता सापडत नसल्याची खूण, येते.

खरा धोका एरर न येणाऱ्या चुकांचा. समजा, एका शीटवर नावं आणि शेरे आहेत, आणि शेजारच्या रकान्यात दुसऱ्या शीटवरचे गुण ओळीला ओळ जोडून आणले आहेत. कुणीतरी गुणांची शीट सॉर्ट करतं. पत्ते तेच राहतात, त्या जागी माणसं मात्र बदललेली असतात. एकाचे गुण दुसऱ्याच्या नावापुढे जातात आणि फाइल काहीही तक्रार करत नाही. म्हणून अशा यादीत सरळ पत्ता देऊ नका. हजेरी क्रमांकासारखी ओळख पटवणारी एक गोष्ट घ्या आणि एक्सलूकअप किंवा इंडेक्स-मॅचने शोधून आणा. व्हीलूकअप वापरलात तर शेवटी फॉल्स (म्हणजे तंतोतंत जुळणारंच शोध) लिहायला विसरू नका.

आता नावं देण्याबद्दल. कराचा दर, वर्षाची सुरुवात, सवलतीची मर्यादा अशी एकेका सेलमधली आणि अनेक शीटना लागणारी मूल्यं एकाच शीटवर ठेवा आणि त्यांना नावं द्या. सेल निवडून फॉर्म्युला बारच्या डावीकडच्या चौकटीत नाव टाइप करून एंटर दाबलं की झालं. ‘रक्कम गुणिले कर_दर’ असा फॉर्म्युला पुढचा माणूस वाचूनच समजतो, ‘दर!बी१’ वाचून त्याला ती शीट उघडावी लागते. नावात मोकळी जागा चालत नाही, आणि ते सेलच्या पत्त्यासारखं दिसूनही चालत नाही. ‘टीएएक्स२०२४’ हे इंग्रजी अक्षरांत लिहून बघा, एक्सेल नाकारेल. २००७ च्या आवृत्तीपासून रकाने १६,३८४ झाले, ते एक्सएफडीपर्यंत जातात, आणि टीएएक्स हा त्यातलाच एक रकाना आहे. मध्ये अंडरस्कोर घातला की प्रश्न मिटतो.

प्रत्येक सेलला मात्र नाव देत सुटू नका. शेकडो नावांची फाइल मला बिननावाच्या फाइलपेक्षा जड वाटते. खाली वाढत जाणाऱ्या यादीसाठी तर कंट्रोल-टी दाबून टेबल करणंच बरं. शेवटच्या ओळीखाली नवी ओळ टाइप केली की टेबल वाढतं, साधी नाव दिलेली रेंज (सेलचा पट्टा) तिथेच थांबते.

शीटची कॉपी करतानाही जपा. त्या शीटवरच्या सेलना दिलेली नावं कॉपीसोबत पुन्हा तयार होतात, त्या नव्या शीटपुरती. मग एकच नाव दोन शीटवर दोन वेगळे आकडे देऊ शकतं. कंट्रोल-एफ३ ने नेम मॅनेजर, म्हणजे सगळ्या नावांची यादी, उघडा आणि स्कोपचा रकाना बघा; नाव पूर्ण फाइलसाठी आहे की एकाच शीटपुरतं, ते तिथे दिसतं. तिथल्याच फिल्टरमध्ये एरर असलेली नावं वेगळी काढता येतात; फाइल पुढे कुणाला देण्याआधी ती यादी रिकामी करा.