वर्षभर तबला वाजवला, पण पुढे सरकलो का? हे कसं तपासायचं आणि पुढचं काय ठरवायचं

गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम आटोपला की मोठ्या वयात तबला शिकायला लागलेली मंडळी हळूच बाजूला घेऊन विचारतात, सर खरं सांगा, माझी काही प्रगती होतेय का हो? मी विचारतो तुम्हाला काय वाटतं, तर उत्तर नेहमी कायद्यांच्या, म्हणजे तबल्याच्या बोलांच्या बांधलेल्या रचनांच्या, आकड्यात येतं. एवढे कायदे झाले, एक पेशकार झाला, रेला चालू आहे. वहीत किती लिहिलंय ते यातून कळतं पण हातात किती उतरलंय ते नाही कळत. त्यामुळे मी सगळ्यांना वर्षातून एकदा हे करायला सांगतो, आणि गुरुपौर्णिमेच्या आसपासचा आठवडा त्यासाठी बरा पडतो कारण तेव्हा हात तयार असतो.

पहिलं काम, नुसता तीनतालाचा ठेका, म्हणजे त्या सोळा मात्रांच्या तालाचे मूळ बोल, रेकॉर्ड करायचा. कायदा नाही, तुकडा नाही, फक्त धा धिं धिं धा. मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या लयीत टकटक करणारं यंत्र किंवा ॲप, मिनिटाला ६० मात्रांवर लावून लय मनात पक्की धरा, मग तो बंद करा आणि पाच मिनिटं ठेका धरा, लेहरा, म्हणजे साथीला फिरत राहणारी धून, पण नको. ६० च्या लयीत तीनतालाचं एक आवर्तन, म्हणजे सोळा मात्रांची एक फेरी, बरोबर १६ सेकंदांचं होतं. रेकॉर्डिंग ऐकताना स्टॉपवॉच घेऊन सुरुवातीचं एक आवर्तन मोजा आणि शेवटचं एक मोजा. सुरुवातीला १६ आणि शेवटी १४ सेकंद आले तर तुमची लय ६० वरून जवळजवळ ६९ वर गेलीय आणि वाजवताना तुम्हाला पत्ताही लागला नाही. लय वाढणं हे बहुतेकांचं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण तो आकडा तारखेसकट लिहून ठेवा कारण पुढच्या वर्षी तुलना याच आकड्याशी करायचीय.

तेच रेकॉर्डिंग परत ऐका, आता हेडफोन लावून. मोबाईलच्या स्पीकरवर डग्गा, म्हणजे डाव्या हाताचं वाद्य, नीट ऐकूच येत नाही, खर्जाचा आवाज तो स्पीकर देत नाही, आणि मग लोकांना वाटतं आपला डग्गा छान बोलतोय. आता लक्ष फक्त डाव्या हातावर ठेवा. १० व्या मात्रेपासून डग्गा बंद व्हायला हवा, म्हणजे घुमायचा थांबायला हवा, तिं तिं ता ता, आणि १४ व्या मात्रेच्या धिं वर परत उघडायला हवा. बऱ्याच जणांचा १३ व्या मात्रेचा ता नकळत धा होतो म्हणजे डग्गा एक मात्रा आधीच उघडतो. उजवा हात इतका सवयीचा झालेला असतो की हे वाजवणाऱ्याला कधीच जाणवत नाही पण साथीला बसलात की गाणाऱ्याला लगेच खटकतं, कारण त्याला काल, म्हणजे तालाचा खालीचा भाग, कुठे आणि सम, म्हणजे पहिली मात्रा, कुठे ते त्या डग्ग्यावरूनच समजतं. माझ्या मते वर्षभराची प्रगती बघायला या चार मात्रा ऐकण्याइतकी चांगली जागा दुसरी नाही.

मग एक जुना कायदा घ्या, नवीन नाही. धाधा तिट धाधा तूना सगळ्यांना येतो म्हणून तोच घ्या. मेट्रोनोम ६० वर, एका मात्रेत चार अक्षरं, म्हणजे चौगुन. स्वच्छ वाजला तर ६५, मग ७०, असं पाचपाचने वाढवत जा आणि जिथे तिट मधला ट गिळला जायला लागला तिथे थांबा. त्याच्या आधीचा आकडा हा तुमचा आजचा खरा वेग. वर्गात ११० ला वाजवता ते सोडून द्या, तिथे चार जण बरोबर वाजवत असतात आणि आवाजात आवाज मिसळून जातो. यावर बरेच जण नाराज होतात हे मला माहितीये पण ७५ ला स्वच्छ वाजणारा तिट ११० च्या धूसर तिट पेक्षा कितीतरी वरचा आहे, आणि वेग त्या स्वच्छ तिट मधूनच वाढतो, उलटं कधी होत नाही.

अजून एक छोटी गोष्ट. याच कायद्याचे दोन पलटे, म्हणजे त्याच बोलांची उलटापालट करून केलेले प्रकार, वही न बघता, तिथल्या तिथे, स्वतः करून बघा आणि खालीच्या भागात बोल बरोबर बंद होतायत का ते बघा. जमलं तर कायदा समजला, नाही जमलं तर पाठ झालाय. पाठ होणं ही पण पायरीच आहे, पण वहीत तसं लिहा.

आता पुढच्या वर्षाचं. इथे लोक यादी करतात, झपताल, रूपक असे नवे ताल, तिहाया, चक्रदार अशा रचना, शिवाय परीक्षा, आणि दिवाळीपर्यंत सगळं बारगळतं. मी म्हणतो दोनच गोष्टी ठरवा, एक हाताची आणि एक साथीची. आणि ती अशी लिहा की रेकॉर्डिंग ऐकून कुणालाही हो किंवा नाही सांगता आलं पाहिजे. "डग्गा सुधारायचा" हे ध्येय नाही. "दसऱ्यापर्यंत ६० च्या लयीत पाच मिनिटं ठेका, शेवटचं आवर्तन १६ सेकंदांच्या अर्ध्या सेकंद इकडेतिकडे" हे ध्येय आहे. मुदत तीन महिन्यांच्या पुढे नको. दसऱ्याला वाद्यपूजा करतोच आपण, त्याच दिवशी परत रेकॉर्ड करा आणि पुढचं ठरवा.

साथीची गोष्ट लोक कायम मागे टाकतात. सोलो झाला की मग साथ असं डोक्यात असतं. अहमदजान थिरकवाँसाहेबांएवढा सोलो वाजवणारा माणूस बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत कितीतरी वर्षं साथीला बसत होता, यावरून साथ म्हणजे काय दर्जाचं काम आहे ते समजा. घरात, सोसायटीत कुणीतरी पेटी वाजवणारं किंवा अभंग म्हणणारं असतंच, आठवड्यातून एकदा त्यांच्यासोबत बसा. भजनी ठेका, दादरा, केरवा, एवढ्यावर सहा महिने आनंदात जातात. ध्येय असं ठेवा की एक अभंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत, गाणाऱ्याकडे बघत, लय न ओढता आणि मधे तुकडे न घुसवता वाजवायचा.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा जरूर द्या, प्रवेशिका, मध्यमा, पुढे विशारद, त्याने अभ्यासाला शिस्त लागते आणि ताललिपी लिहायची सवय होते. फक्त वर्षाचं एकमेव ध्येय परीक्षा ठेवू नका कारण निकाल लागल्यावर लोक महिना महिना तबल्यावरचं कव्हर काढत नाहीत. आणि ध्येय ठरवताना त्यासाठी काय बाजूला ठेवणार तेही लिहा. रोज अर्धा तास मिळत असेल तर नवीन चक्रदार तीन महिने थांबू शकतो.

शेवटी ही वही आणि रेकॉर्डिंग दोन्ही तुमच्या गुरुजींना ऐकवा, ठरवलेलं ध्येय त्यांच्यासमोर वाचून दाखवा. ते बहुतेक एखादी गोष्ट खोडतील आणि लय दहाने खाली आणतील. आणा. फाईलला तारीख, लय आणि तबल्याचा सूर, काळी एक की पांढरी चार, असं नाव देऊन मोबाईलशिवाय अजून एका ठिकाणी कॉपी ठेवा, फोन बदलला की पहिल्यांदा याच फाईली उडतात.