माप घ्यायच्या आधी

अशोक चौकाच्या बाजूला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. बारा बाय दहाची खोली, चार मशीन, चार मुली. त्या मला अक्का म्हणतात. दिवसभर परक्या बाईच्या अंगाला हात लावायचं हे काम, त्यामुळे विचारायचं कसं आणि थांबायचं कधी, हे मी टेपवरच शिकले.

टेप गळ्यातून काढायच्या आधी बोला. "ताई, अंगावरचं माप घेऊ की मापाचा ब्लाउज आणलाय?" दोन वाटा ठेवल्या की बाईला तोंडानं 'नको' म्हणावं लागत नाही. अंगावर घ्यायचं ठरलं तर समोर नाही, बाजूला उभं राहायचं. छातीचं माप असेल तर टेप पाठीमागून आणून दोन्ही टोकं तिच्याच हातात द्यायची, आपण नुसता आकडा वाचायचा. मुंढ्याकडे, म्हणजे काखेभोवतीच्या घेराकडे, जाताना "आता मुंढा" म्हणायचं, मग हात. आकडा ओरडून सांगायचा नाही; बाकड्यावर तिची शेजारीण बसलेली असते.

एकदा हो म्हणाली म्हणजे सगळ्याला हो, असं धरू नका. जूनमध्ये एक आई तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. "घ्या की ओ माप, बाईच तर आहात." मुलीनं शोल्डर दिलं, कंबर दिली, पण टेप वर सरकली तशी तिनं कोपरं पोटाशी आवळली. बोलली काही नाही. मी टेप गुंडाळली आणि तिलाच म्हटलं, "तुला नीट बसणारा एक कुर्ता उद्या पाठव." आई फणकारली. फणकारू दे. ड्रेस अर्धा इंच ढिला झाला, उसवून आत घेतला.

आपल्याकडे 'नाही' हा शब्द क्वचितच ऐकू येतो. "बघू की", "घरी विचारते", "नंतर सांगते ओ" हे सगळे नकारच. त्यातून पगार देणारी मी असले तर मुलींचा "हो अक्का" आणखीच कच्चा. दिवाळीत रात्री थांबायचं का, असं तोंडावर विचारलं की चौघीही हो म्हणायच्या. आता आठ दिवस आधी भिंतीवर कागद लावते, थांबायचंय तिनं स्वतः नाव लिहायचं. गेल्या दिवाळीत दोनच नावं आली.

आपला नकार मात्र सरळ द्या, कारण जोडू नका. लग्नसराईत एक गिऱ्हाईक रात्री साडेनऊला दारात, उद्या ब्लाउज हवाच. मी म्हटलं, नणंद आलीय घरी. ती म्हणाली, "मग त्यांना काज-बटण करायला बसवा की!" त्या दिवसापासून माझं उत्तर एकच: "उद्या जमणार नाही. शुक्रवारी देते."

एक चूक माझीही. दोऱ्याची रिळं द्यायला येणारा माणूस धाकटीच्या खांद्यावर हात ठेवायचा. तिनं सांगितलं, तर मी म्हटलं, "जाऊ दे गं, म्हातारा आहे." तिनं दाराजवळचं मशीन सोडलं, आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसायला लागली. मला कळायला दोन आठवडे लागले. मग त्याला उंबऱ्यावरच अडवलं: "माल इथंच ठेवा. मुलींना हात लावायचा नाही." रिळं आता दुसरीकडून घेते.

दुकान लहान म्हणून कायदा नाही, असं समजू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे. १० किंवा जास्त माणसं असली तर मालकानं अंतर्गत समिती नेमायची. त्याहून कमी असली, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असली, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रार लेखी हवी, घटनेपासून तीन महिन्यांत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. माझ्याविरुद्धही तिथं जाता येतं, हे मी मुलींना सांगितलंय. समितीचा पत्ता मापाच्या वहीच्या पहिल्या पानावर आहे, आणि वही कुलपात नसते.