टेप ड्राइव्ह बिघडला म्हणण्याआधी या चुका टाळा

बॅकअप टेपवर लिहिणारा ड्राइव्ह मशीनला दिसत नाही की ड्रायव्हर काढून पुन्हा टाकायचा, ही खोड आधी मोडा. मशीन सुरू होताना एचबीए कार्डाच्या (ज्याला ड्राइव्हची केबल जोडतात ते कार्ड) यादीत ड्राइव्हचं नाव येतं का ते बघा. तिथेच नसेल तर ड्रायव्हर दहादा टाकूनही काही होणार नाही. केबल, वीज आणि कार्ड तपासा. एसएएस जोडणीचा टेप ड्राइव्ह रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या) कार्डाला जोडणं हा तर हमखास डोकेदुखीचा शॉर्टकट. साधं एचबीए घ्या. लिनक्सवर ‘एलएस-स्कझी’ (lsscsi) हा आदेश ड्राइव्ह दाखवतो पण ‘एसटी-शून्य’ (st0) हे त्याचं उपकरण-नाव उमटत नाही, असं असेल तर टेपचं ‘एसटी’ मॉड्यूल लोड झालेलं नाही, एवढंच.

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र वेगळीच. पणजीतल्या एका कार्यालयात रात्रीची स्क्रिप्ट ओळीने तीन टार (tar, फाइलींचे एकत्र संग्रह) मारायची: हिशेब, मेल, स्कॅन. तिन्ही ‘एसटी-शून्य’वर. हे नाव वापरलं की काम संपताच टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. म्हणजे मेल हिशेबावर लिहिला गेला आणि स्कॅन मेलवर. सकाळच्या अहवालात तिन्ही कामं यशस्वी, कारण यंत्राच्या लेखी चूक अशी घडलीच नव्हती. चतुर्थीच्या सुट्टीनंतर सर्व्हरची डिस्क गेली, तेव्हा टेपवर फक्त स्कॅन निघाले. नवीन लिखाण जिथे संपतं तिथे ड्राइव्ह डेटा संपल्याची खूण करतो. तिच्यापलीकडचं जुनं काही साध्या मार्गाने वाचता येत नाही.

म्हणून ‘एनएसटी-शून्य’ (nst0) वापरा, या नावाने टेप आपोआप गुंडाळली जात नाही. जुन्या डेटामागे लिहायचं असेल तर आधी ‘एमटी ईओएम’ (mt eom) या आदेशाने डेटाच्या शेवटी जा, मग ‘एमटी स्टेटस’मधला फाइल क्रमांक डोळ्यांनी वाचा. काम झाल्यावर टेप गुंडाळून ‘एमटी एफएसएफ १’ने (एक संग्रह पुढे) दुसऱ्या संग्रहावर जा, यादी काढा आणि एखादी फाइल खरोखर परत उतरवून बघा. घाईवाल्यांना हीच पाच मिनिटं जड जातात.

पावसाळ्यात शनिवार-रविवार एसी बंद ठेवून सोमवारी वाचनाच्या चुका आल्या की हेडला (टेप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागाला) दोष देऊ नका. ड्राइव्हला हवेतली आर्द्रता साधारण ८० टक्क्यांपर्यंतच चालते, आणि आपल्याकडे जुलैत बंद खोलीत ती सहज ओलांडते. बाहेरून आणलेली टेपची काडतुसं (कार्ट्रिज) २४ तास त्याच खोलीत ठेवून मगच घाला.

‘बरं असतं’ म्हणून दर आठवड्याला सफाईचं काडतूस घालू नका. ते हेड घासतं. ड्राइव्हने मागितलं तरच द्या, आणि साधारण ५० वापरांनंतर टाकून द्या.

टेप सारखी थांबून मागेपुढे होत असेल तर डेटा पुरेसा वेगात येत नाही. एलटीओ या टेप-प्रकाराच्या सहाव्या पिढीचा, म्हणजे एलटीओ-६ चा, मूळ वेग सेकंदाला १६० एमबी. गिगाबिट नेटवर्कवरून ११० च्या आसपासच मिळतो, बारीक फाइली असतील तर त्याहून कितीतरी कमी. आधी स्थानिक डिस्कवर गोळा करा, मग टेपवर.

सेकंडहँड ड्राइव्ह घेताना पिढी बघा: एलटीओ-७ ला एलटीओ-५ वाचता येते, एलटीओ-८ ला एलटीओ-६ सुद्धा नाही.