औषधं परवडत नाहीयेत? डोस बुडवण्याआधी हे करून बघा

आमच्या आईच्या बीपीच्या गोळ्या महिना संपला तरी उरायला लागल्या. डब्यात दोन अर्धवट स्ट्रिपा सापडल्या तेव्हा विचारलं, तर म्हणे "एक दिवसाआड घेते, बरं वाटतंय तर रोज कशाला एवढी महागडी गोळी". हे तिने आम्हाला सांगितलं नव्हतं ते सोडा, डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. त्यांनी बीपी मोजलं, ते वाढलेलं, त्यांना वाटलं डोस कमी पडतोय, त्यांनी पावर वाढवून दिली. म्हणजे पैसे वाचवायला गेली आणि गोळी अजून महाग झाली. तेव्हापासून आम्ही घरात जे जे करतो ते क्रमाने लिहितोय, कारण ह्या गोष्टी कोणी आपणहून सांगत नाही.

१. आधी स्वतःहून कापाकापी थांबवा

खर्च कमी करायचाच आहे, पण गोळी बुडवून नाही. काही औषधं अशी असतात की अचानक बंद केली तर शरीर उलटं फिरतं. मेटोप्रोलोल, अटेनोलोलसारख्या बीपी-हृदयाच्या गोळ्या एकदम सोडल्या तर छातीत दुखणं, हार्ट अटॅक इथपर्यंत जाऊ शकतं, क्लोनिडीन ही बीपीची गोळी सोडली तर बीपी उसळतं, फिट्सची गोळी चुकली तर फिट येऊ शकते, बरेच दिवस चाललेलं स्टेरॉइड हळूहळूच उतरवावं लागतं आणि स्टेंट बसवल्यावरची रक्त पातळ ठेवणारी गोळी तर डॉक्टर सांगेपर्यंत सोडायचीच नाही. ह्यातलं काही चालू असेल आणि पैसे संपलेत, तर गोळी संपायच्या आत डॉक्टरांना फोन करा, संपल्यावर नाही.

२. ब्रँडची नाही, सॉल्टची यादी करा

सगळ्यात जास्त फायदा ह्याच कामाचा झाला. घरातल्या सगळ्या गोळ्या, सिरप, मलमं, व्हिटॅमिनं सुद्धा एका जागी ओता आणि स्ट्रिपच्या मागे मोठ्या नावाखाली जे बारीक अक्षरात छापलेलं असतं ते वाचा (मोबाइलने फोटो काढून झूम करा, चष्म्याने पण दिसत नाही ते). तेच खरं औषध, त्यालाच सॉल्ट म्हणतात. वहीत लिहा: सॉल्टचं नाव, किती मिलीग्रॅम, दिवसातून किती वेळा, कोणी लिहून दिलं, आणि शेवटचा रकाना "कशासाठी".

हा शेवटचा रकाना भरताना गंमत येते. निम्म्या गोळ्या कशासाठी आहेत ते घेणाऱ्यालाच माहीत नसतं. आणि कधीकधी एकच सॉल्ट दोन वेगळ्या नावांनी घरात निघतं, विशेषतः पॅरासिटामॉल. तापाच्या गोळीत पण तेच, सर्दीच्या गोळीत पण तेच. ते पैशाचं नुकसान आहेच पण डबल डोस लिव्हरला महागात पडतो.

३. पिशवी उचला आणि डॉक्टरकडे जा

यादी आणि गोळ्यांची आख्खी पिशवी घेऊन जा आणि दोन वाक्यं बोला: "हे सगळं मिळून मला परवडत नाहीये. ह्यातलं काय काढता येईल?" लाज वाटते, मलाही वाटली, पण डॉक्टर गोळी लिहितात तेव्हा तिची किंमत त्यांच्या डोक्यात असतेच असं नाही आणि आपण गप्प बसलो की त्यांना वाटतं सगळं सुरळीत आहे.

काढण्यासारखं बरंच निघतं. अम्लोडिपिन ही बीपीची गोळी घेतल्याने काहींच्या घोट्यांना सूज येते, मग ती सूज म्हणजे नवा आजार समजून लघवी होण्याची गोळी सुरू होते, त्या गोळीने पोटॅशियम उतरतं मग पोटॅशियमचं सिरप येतं. एका गोळीच्या साइड इफेक्टसाठी दोन औषधं! पहिलीच बदलली असती तर पुढच्या दोन लागल्याच नसत्या. अ‍ॅसिडिटीच्या गोळीचं पण तसंच, दुखण्याच्या गोळीसोबत काही दिवसांसाठी दिलेली असते, दुखणं गेलं तरी ही दोन वर्षं चालूच. पण ती पण बऱ्याच काळाची असेल तर एकदम बंद केली की अ‍ॅसिड उसळून येतं, त्यामुळे कशी कमी करायची ते विचारूनच घ्या.

४. जेनेरिक मागा, घाबरू नका

नवीन औषधाचं पेटंट अर्ज केल्यापासून साधारण २० वर्षं चालतं, त्यातली बरीच वर्षं चाचण्यांमध्येच जातात. ते संपलं की तेच सॉल्ट इतर कंपन्या बनवू शकतात, त्यांना शोधाचा खर्च नाही म्हणून स्वस्त. हेच जेनेरिक.

"जेनेरिकमध्ये २० टक्के औषध कमी असतं" असं एक पसरलंय, ते चूक आहे. गोळीतलं औषध तेवढंच असतं. हा गैरसमज ज्यावरून आला तो ८० ते १२५ टक्के हा आकडा रक्तात औषध किती पोचतं ह्याची तुलना करताना येतो आणि तोही सरासरीला नाही तर सरासरीभोवतीच्या सगळ्या अंदाजाच्या पट्ट्याला लावतात, म्हणजे तो आख्खा पट्टा ह्या दोन आकड्यांमध्ये बसला पाहिजे, त्यामुळे खरा फरक खूप कमी निघतो. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने २००९ मध्ये अशा २०७० चाचण्या एकत्र तपासल्या, तर रक्तात पोचणाऱ्या औषधात मूळ ब्रँड आणि जेनेरिकमध्ये सरासरी फरक ३.५ टक्क्यांच्या आसपास होता.

मात्र थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन, रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन, फिट्सची फेनिटॉइन, किडनी बदलल्यावरची टॅक्रोलिमस ह्यांच्यात थोडासा फरकही चालत नाही. ह्यांची कंपनी दर महिन्याला बदलत बसू नका, बदलायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून आणि नंतर ब्लड टेस्ट करून.

५. "नवीन" म्हणजे चांगलं असं नाही

सर्दी-अ‍ॅलर्जीची लेव्होसेट्रिझिन हा जुन्या सेट्रिझिनचाच अर्धा भाग वेगळा काढलेला आहे, अ‍ॅसिडिटीची इसोमेप्राझोल पण ओमेप्राझोलचा तसाच. जुनं चालत असेल तर जुनंच घ्या की. दोन-तीन सॉल्ट एकत्र असलेल्या गोळीचंही गणित करून बघा, कधी एकत्र स्वस्त पडते कधी सुटी. इन्सुलिनमध्ये पण नव्या प्रकारांपेक्षा जुनं ह्यूमन इन्सुलिन बहुतेक वेळा बरंच स्वस्त असतं (ज्यांनी इन्सुलिन शोधलं त्यांनी १९२३ साली त्याचं पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिलं होतं, आणि आज लोक त्याच औषधासाठी कर्ज काढतात, असो). पण हे घरच्या घरी बदलायचं नाही, कारण जुनं रेग्युलर इन्सुलिन जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी घ्यावं लागतं, वेळ चुकली तर शुगर खाली जाऊ शकते.

६. गोळी अर्धी करणं, कधी चालतं

बऱ्याच औषधांत १० आणि २० मिलीग्रॅमच्या किमतीत दुपटीचा फरक नसतो, मग २० ची घेऊन अर्धी करणं फायद्याचं. पण आधी डॉक्टर किंवा फार्मासिस्टला विचारा. गोळीवर मधोमध रेघ असेल तर आशा आहे. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, सीआर असं काही असेल तर अजिबात तोडायची नाही, दिवसभर हळूहळू सुटणारं औषध एकदम सुटतं. कॅप्सूल नाही, आतड्यात विरघळणारं कोटिंग असलेली नाही, रक्त पातळ करणारी पण नाही. सुरीने चुरा होतो, गोळी कापायची छोटी डबी मिळते ती घ्या, आणि आख्खी स्ट्रिप एकदम कापून ठेवू नका, आज एक कापा आणि दुसरा अर्धा उद्या घ्या.

७. विकत घेताना

दोन-तीन ठिकाणी भाव विचारा, सॉल्टचं नाव सांगून. नवीन औषध असेल तर आधी थोड्याच दिवसांचं घ्या, सोसलं नाही तर बाकीचं वाया जात नाही. सेट झालेलं असेल तर तीन महिन्यांचं एकदम घेतल्यावर स्वस्त मिळतं का बघा. ऑनलाइन घेताना जो प्रिस्क्रिप्शन न मागता काहीही पाठवायला तयार आहे त्याच्याकडून नाही, कितीही स्वस्त असो. डब्ल्यूएचओचा २०१७ चा अंदाज आहे की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दर १० पैकी १ औषध बनावट किंवा निकृष्ट असतं.

८. कॅन्सर, संधिवात वगैरेची खूपच महाग औषधं असतील तर

इथे वरच्या युक्त्या तोकड्या पडतात. ह्यातली बरीच इंजेक्शनं जिवंत पेशींपासून बनवतात, त्यांची अगदी जेनेरिकसारखी नक्कल होत नाही पण बायोसिमिलर नावाने मिळतीजुळती आवृत्ती येते, ती उपलब्ध आहे का ते विचारा. बऱ्याच कंपन्यांच्या रुग्ण मदत योजना असतात, मोठ्या हॉस्पिटलात समाजसेवा विभाग असतो, तिथल्या लोकांना कुठला फॉर्म कुठे भरायचा ते पाठ असतं. पहिला डोस घ्यायच्या आधी जा, कारण मंजुरीला वेळ लागतो आणि काही ठिकाणी आधी विकत घेतलेल्याचे पैसे परत मिळत नाहीत.

आईचं सांगायचं राहिलं. पिशवी घेऊन गेलो, दोन गोळ्या निघाल्या, बीपीची पावर परत खाली आली आणि ती आता जेनेरिक घेते, रोज. फक्त स्ट्रिप तोडताना एक्स्पायरी छापलेली बाजू शेवटपर्यंत ठेवायची हे अजून तिच्या लक्षात राहत नाही, ती बरोबर तिथूनच सुरुवात करते.