जुन्या अनियतकालिकाचा इतिहास लिहायचा तर

सुरुवात मुलाखतींपासून करू नका. माणसांना भांडणं लख्ख आठवतात, सालं आठवत नाहीत. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांचा 'शब्द' (१९५४) किंवा अशोक शहाणे यांचा 'असो' (१९६३) या अनियतकालिकांची, म्हणजे ठरावीक वेळापत्रकाशिवाय निघणाऱ्या छोट्या मासिकांची, सालं नोंदलेली आहेत. पण कित्येक अंकांवर तारीखच नसते. तिथे कागदालाच विचारावं लागतं.

अंकाच्या पिना काढून पानं सुटी करण्याआधी प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने हलका आकडा घाला. पिना निघाल्यावर पानांचा क्रम सांगणारं दुसरं काही उरत नाही. गंजलेली पीन कधीही उपटू नका. गंज कागदात मुरलेला असतो, त्यामुळे पिनेबरोबर तुकडाही निघून येतो. मागच्या बाजूने पिनेचे पाय आणि कागद यांच्यामध्ये प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवा, बोथट सुरीने पाय सरळ करा आणि मग पीन पुढून ओढा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच.

आता काळ. पहिली नजर किमतीवर. 'नये पैसे' छापलेले असतील तर अंक १ एप्रिल १९५७ नंतरचा, आणि बहुधा जून १९६४ च्या आधीचा, कारण तेव्हा 'नये' अधिकृतपणे गळलं. नुसत्या आण्यांवर मात्र विसंबू नका, दशमान नाणी आल्यावरही लोक आण्यांत बोलत राहिले. मग पत्ता पाहा. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो असेल तर अंक त्याआधीचा नाही. पण जुन्या टपाल विभागाच्या आकड्यासह नुसतं 'मुंबई २८' असेल तर काहीच सिद्ध होत नाही, ती सवय पुढेही राहिली. एक खोच लक्षात ठेवा: पिनकोड रबरी शिक्क्याने मागाहून उमटवलेला असू शकतो. भिंगाखाली शिक्क्याची शाई आणि मजकुराची शाई वेगळी दिसते.

छपाईची पद्धतही लिहून ठेवा. खिळ्यांच्या, म्हणजे धातूची अक्षरं जुळवून केलेल्या, छपाईत पानाच्या पाठीवरून बोट फिरवलं की अक्षराचा उठाव लागतो. सायक्लोस्टाइलमध्ये, म्हणजे कोरलेल्या मेणकागदातून (स्टेन्सिलमधून) शाई उतरवून काढलेल्या प्रतींत, तो लागत नाही. तिथे स्टेन्सिल फाटल्याने 'ब', 'व'च्या पोटात शाई भरलेली दिसते. मुद्रकाचं नाव आणि ठिकाण आहे का, तेही बघा. १८६७ च्या छापखाने व पुस्तक नोंदणी कायद्याने ते सक्तीचं होतं, सायक्लोस्टाइललासुद्धा. नसेल तर 'नाही' अशी नोंद करा.

स्कॅन ६०० डीपीआयवर, ग्रेस्केल किंवा रंगीत, टिफ (TIFF) फाइलमध्ये. निव्वळ काळ्या-पांढऱ्यात फिकी अक्षरं उडून जातात. पाठचा मजकूर पारदर्शक कागदातून दिसत असेल तर पानामागे काळा कागद ठेवा.

हे सगळं एका तक्त्यात मांडून झालं की मग मुलाखतीला जा, आणि अंक सोबत न्या. स्कॅन जाहीर करण्याआधी प्रत्येक लेखक-चित्रकाराची किंवा वारसांची परवानगी घ्या. स्वामित्वहक्क मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, आणि संपादकाची परवानगी म्हणजे कवीची परवानगी नव्हे.